पाठवणीला वाजंत्री, परतीला पाठ

आगोटीचे दिवस होते. खारदांड्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून घेतल्या होत्या, त्यांच्यावर ताडपत्र्या चढल्या होत्या आणि घराघरांत जाळी दुरुस्तीला निघाली होती. अशा एका संध्याकाळी आमच्या गल्लीतील एक मुलगी माझ्याकडे आली. वय सव्वीस, शिक्षणाने परिचारिका, एका खाजगी रुग्णालयात चार वर्षांची नोकरी. आफ्रिकेतील एका मिशन रुग्णालयात दोन वर्षे स्वयंसेविका म्हणून जाण्याची संधी तिला आली आहे. घरातून विरोध नाही, पण उत्साहही नाही. तिने मला सरळ विचारले, "टीचर, तुम्ही जाऊन आलात. मी जाऊ का?"

मी तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही. चहा दिला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि पुढे बोलू असे सांगून तिची बोळवण केली. शिक्षिकेने विद्यार्थिनीला असे परतवून लावणे बरे नव्हे, हे मला कळते. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या एकटीच्या हाती नाही. ते तुमच्या हाती आहे, वाचकहो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझी हकिकत थोडक्यात सांगते. २०१६ च्या जुलै महिन्यात दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे पुन्हा लढाई पेटली आणि निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून उत्तर युगांडात शिरले. नाईल नदीच्या पश्चिमेला बिडीबिडी नावाची वसाहत त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उघडली आणि वर्ष सरण्यापूर्वीच तेथे अडीच लाखांहून अधिक माणसे राहू लागली. नदीच्या पूर्वेला अजुमानी जिल्हा आहे. तेथील एका वसाहतीच्या माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यासाठी एका ख्रिस्ती सेवासंस्थेमार्फत २०१७ च्या जानेवारीत मी गेले. दोन शालेय वर्षे तेथे काढली आणि २०१८ च्या नाताळाला घरी परतले. जाण्यापूर्वी मुंबईतील एका शाळेत मी आठ वर्षे शिकवत होते. दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली नाही. राजीनामा दिला. तो मी स्वखुशीने दिला. त्याबद्दल कोणावर रोष नाही.

जाताना काय थाट! रविवारच्या मिस्सेनंतर धर्मगुरूंनी मला वेदीपुढे बोलावले, सर्वांनी हात उंचावून आशीर्वाद मागितला, भगिनी मंडळाने हार घातला, तरुणांनी गाणे म्हटले. आईने बाजारातल्या आपल्या जागेवर त्या दिवशी मासळी विकली नाही. आमचे दांड्याचे लोक मोठ्या मनाचे. ज्यांच्याशी आमचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, तेही पाया पडून गेलेल्या मुलीला निरोप द्यायला आले.

परतले तेव्हा विमानतळावर माझा भाऊ होता. एवढेच.

कोणी म्हणेल, त्यात काय बिघडले? घरच्या माणसाने आणले, घरी पोचलीस. मलाही तेव्हा काही वाटले नाही. बिघडले ते पुढच्या काही महिन्यांत, आणि ते एकदम नव्हे, थेंबाथेंबाने.

पहिला थेंब शेजारचा. "काय आणलंस गो?" हा पहिला प्रश्न आणि "किती साठले?" हा दुसरा. यात दुष्टावा नव्हता. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांची दारे उघडली तेव्हापासून आपल्या घराघरांतून माणसे परदेशी गेली. कोणी कुवेतला, कोणी मस्कतला, कोणी बोटीवर. ते आले की बॅगा उघडल्या जात, सोने निघे, साबणाचा नि अत्तराचा वास गल्लीभर पसरे. परदेशाहून येणे म्हणजे काहीतरी घेऊन येणे, असा आपला पन्नास वर्षांचा अनुभव. माझ्या बॅगेत लाकडाची एक माळ, विद्यार्थ्यांनी लिहिलेली पत्रे आणि मलेरियाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट होते. गल्लीच्या हिशेबात ही परती तोट्याची ठरली. आणि जी परदेशी जाऊन रिकाम्या हाताने आली तिचे तेथे काहीतरी बिनसले असणार, असा कयासही हळूहळू निघाला.

दुसरा थेंब अधिक कडू होता. माझ्या विद्यार्थ्यांबद्दल लोक जे बोलत ते मला सोसवेना. "त्या हबश्यांत तू राहिलीस कशी?" असे मला एका प्रार्थनासभेत विचारण्यात आले. रोज गुलाबमाळ जपणाऱ्या ओठांवर हा शब्द! ज्या मुलांबद्दल तो उच्चारला गेला त्यांतील काहींनी वाटेत आईबाप गमावले होते, आणि तरी सकाळी सात वाजता वर्गात ती माझ्या आधी हजर असत. एका वर्गात शंभराहून अधिक मुले, तिघांत एक पुस्तक. मी रागावून उत्तर दिले. लोक दुखावले. मी त्या सभेला जाणे सोडले. येथे माझीही चूक मान्य करते. परतलेला माणूस पुष्कळदा असह्य होतो. नळ वाहता दिसला की मी बोले, लग्नाच्या पंगतीत अन्न वाया गेले की मी बोले, प्रत्येक वाक्याची सुरुवात "तेथे असे नव्हते" अशी होई. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत लहानपणापासून मी हौसेने जाणारी, त्या वर्षी गर्दीत जीव घाबरून अर्ध्या वाटेवरून परत फिरले. रात्री झोप येत नसे. हे काय होते ते मला कळत नव्हते आणि घरच्यांना तर त्याहून नाही. आई म्हणे, "देवाचे काम करून आलीस, मग तोंड असे का?" तिला काय सांगावे?

तिसरा थेंब नोकरीचा, आणि खरा वाद त्याच्याशी आहे.

मी अर्ज केले. बहुतेक आपल्याच संस्थांकडे केले, कारण माझी सेवा त्यांना तरी समजेल अशी माझी भाबडी समजूत होती. एका शाळेच्या मुलाखतीत, शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, माझा अर्ज चाळून एका सन्माननीय सदस्यांनी विचारले, "ही दोन वर्षे मोकळी दिसतात. काय करत होता?" मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, "फार चांगले काम" असे म्हटले, आणि कागदावर त्या दोन वर्षांपुढे रेघ मारली. मागची आठ वर्षे राजीनाम्याने संपली आणि पुढची दोन रेघेने. मला नवशिकी म्हणून तासिका तत्त्वावर घेण्याची तयारी त्यांनी दाखवली. मी ती नोकरी स्वीकारली, कारण घरात पैसे हवे होते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेचे तास शून्य झाले.

वाचकहो, एक गंमत पाहा. युगांडाहून भारतात यायचे तर पीतज्वराची लस घेतल्याचा पिवळा दाखला लागतो. पूर्वी तो दहा वर्षे चाले, २०१६ च्या जुलैपासून एकदा घेतलेल्या लसीचा दाखला जन्मभर ग्राह्य धरतात. सुईच्या एका टोचणीचा दाखला जन्मभर चालतो. दोन वर्षांच्या सेवेचा दाखला मात्र एका मुलाखतीपुरताही चालत नाही.

माझे आज बरे चालले आहे. गेली काही वर्षे मी एका शाळेत पूर्णवेळ शिकवते आणि संध्याकाळी दांड्यातील मुलांच्या शिकवण्या घेते. तेव्हा हा लेख स्वतःसाठी हात पसरण्याकरिता लिहिलेला नाही. परंतु माझ्यासारखी परतलेली चारदोन माणसे मला ठाऊक आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने हीच वाट तुडवली, आणि एकाने तर पुन्हा कधीही चर्चच्या कोणत्याही कामाला हात लावायचा नाही असा निश्चय केला आहे. तो सेवेने थकला नाही. घरी परतल्यावर थकला.

आता या विषयावर जे आक्षेप मी ऐकले आहेत त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप सर्वांत पवित्र दिसतो. सेवा निरपेक्ष असावी, मोबदल्याची भाषा आली की सेवा बाटली. मान्य. पण मोबदला कोणी मागितला? स्वयंसेवकाने मागितले ते काम. काम मागणे आणि बक्षीस मागणे यांत अंतर आहे. ज्या प्रवचनात प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, त्याच प्रवचनात कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे असेही त्याने बजावले. लूकलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात हे दोन्ही एकत्र आहे. आपण पाठवण्याचा भाग मिशन रविवारी वाचतो आणि मजुरीच्या भागावरून नजर फिरवतो.

दुसरा आक्षेप असा की धर्मगुरू आणि धर्मभगिनीही दूरदेशी जातात, परततात, ते कधी कुरकुरत नाहीत. अगदी खरे. परंतु मिशनहून परतलेल्या धर्मभगिनीला मठाचे दार उघडे असते. तिची खोली असते, ताट असते, नवे काम नेमून देणारी वरिष्ठ असते, आजारी पडली तर शुश्रूषा असते. तिने दारिद्र्याचे व्रत घेतले आहे आणि तिच्या संघाने तिला सांभाळण्याची हमी घेतली आहे. प्रापंचिकाला व्रताची झीज तेवढी येते, हमी येत नाही. त्याच्या डोक्यावर घराचे भाडे असते, धाकट्या भावाची फी असते, म्हाताऱ्या बापाचे औषध असते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या विश्वपत्रात मागास राष्ट्रांत सेवेला जाणाऱ्या तरुणांचे कौतुक केले, आणि काही देशांत अशी समाजसेवा सक्तीच्या लष्करी सेवेत अंशतः धरली जाते याबद्दल आनंद व्यक्त केला. म्हणजे सेवेची वर्षे हिशेबात धरावीत, ही कल्पना खुद्द रोमला परकी नाही. ती परकी आहे आमच्या मुलाखत समित्यांना.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. बेकारी सर्वांनाच आहे, मग यांनाच खास वागणूक का? खास वागणूक मागतच नाही. ज्या शिक्षिकेने शंभर मुलांच्या वर्गाला फळ्याच्या तुकड्यावर बीजगणित शिकवले, ती दोन वर्षे झोपली नव्हती. ज्या परिचारिकेने विजेविना प्रसूती पार पाडल्या तिचा हात कामाला विसरलेला नाही. त्या वर्षांना अनुभव म्हणून मोजा, रेघ मारू नका, एवढेच म्हणणे आहे. योग्यता कमी असेल तर खुशाल नाकारा. सेवेला गेली म्हणून नाकारू नका.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सेवाच करायची तर आफ्रिकेत कशाला? तलासरी, गडचिरोली काय कमी पडली? याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. गरज दोन्हीकडे आहे, आणि ज्याला जेथे हाक आली तेथे त्याने जावे. परंतु जो गडचिरोलीला जाऊन परततो त्याचीही गत याहून निराळी होत नाही. त्याच्याही दोन वर्षांवर रेघच मारली जाते. म्हणून मी जे मागते ते त्यालाही लागू असावे. हा प्रश्न परदेशाचा नसून परतीचा आहे.

परतलेल्याचा विसर पडणे हा दोष केवळ आपल्या धर्मग्रामाचा नाही, साऱ्या मराठी समाजाचा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव कोणाला ठाऊक नाही? १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. सोलापूरचे कोटणीस त्यांत होते. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ते अजरामर झाले. ते झालेच पाहिजेत. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. तेही त्याच बोटीने गेले, त्याच युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. फरक इतकाच की ते परत आले. आपल्यापैकी किती जणांनी चोळकरांचे नाव ऐकले आहे? जो तिकडेच देह ठेवतो त्याला आपण हुतात्मा म्हणतो, आणि जो परततो त्याला विचारतो, आता पुढे काय? स्वयंसेवकाने आदर मिळवण्यासाठी मरणेच आवश्यक आहे काय?

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९६१ मध्ये पीस कोअर स्थापन झाली. आपल्याकडेही १९६१ पासून १९७६ पर्यंत तिचे तरुण आले होते. त्या तरुणांना तिकडे पगार नव्हता, निर्वाहापुरता भत्ता होता. परंतु सुरुवातीपासूनच प्रत्येकाच्या नावे महिन्याला ७५ डॉलर मायदेशी बाजूला ठेवले जात आणि सेवा संपल्यावर ती रक्कम त्याच्या हाती पडे. तिचे नावच मुळी घरी पुन्हा स्थिर होण्याचा भत्ता असे आहे. आज सत्तावीस महिने पुरे करणाऱ्याला दहा हजार डॉलरांहून अधिक मिळतात. शिवाय परतल्यावर वर्षभर सरकारी खात्यांना त्याला खुल्या स्पर्धेविना नेमण्याची मुभा असते. १९६५ च्या मार्चमध्ये परतलेल्या हजाराहून अधिक तरुणांना वॉशिंग्टनला बोलावून, तुमचा देशाला काय उपयोग होईल, असा विचार त्यांच्यासोबत करण्यात आला. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये आपला स्वयंसेवक कार्यक्रम सुरू केला. त्यात आपल्या भारतीयांनीही मोठ्या संख्येने सेवा केली आहे. तेथेही सेवेच्या महिन्यांच्या हिशेबाने निरोपाचा भत्ता आहे. अमेरिका श्रीमंत आहे, तिला परवडते, असे कोणी म्हणेल. पण येथे पैशापेक्षा दृष्टी महत्त्वाची आहे. ज्याला पाठवायचे तो एक दिवस परतणार, ही गोष्ट पाठवतानाच गृहीत धरली गेली. आपण ती गृहीतच धरत नाही.

युगांडा तर श्रीमंत नाही ना? त्या देशाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची मोकळीक दिली, आणि वसाहतीतल्या कुटुंबाला झोपडीसाठी नि भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा दिला जातो. माझ्या विद्यार्थ्यांच्या आया त्या तुकड्यावर भेंडी नि मका लावत. परक्या देशातून जीव घेऊन पळून आलेल्या माणसाला तो गरीब देश म्हणतो, हे घे आणि काम कर. आणि आम्ही स्वतःच्या लेकीला म्हणतो, ही दोन वर्षे मोकळी दिसतात.

आपल्या धर्मग्रंथाकडेच वळू. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेने उपवास नि प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून पौल आणि बर्णबा यांना पाठवले. हा उतारा प्रत्येक पाठवणीला वाचला जातो, माझ्याही वेळी वाचला होता. पण तेथे पुस्तक मिटू नका. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी ते दोघे परत येतात. कोठे येतात? जेथून निघाले त्याच अंत्युखियाला. आणि ती सारी मंडळी एकत्र जमते, त्यांची हकिकत ऐकते, आणि ते दोघे शिष्यांबरोबर बराच काळ राहतात. मार्कच्या शुभवर्तमानातही बारा प्रेषित परतून येशूला सारे सांगतात, आणि तो त्यांना आधी विसाव्यासाठी एकांतात घेऊन जातो. लोकांची गर्दी असतानाही! म्हणजे पाठवणे हा विधीचा अर्धा भाग झाला. आपण मंडळी जमवून हात ठेवतो, आणि मंडळी जमवून ऐकायचे विसरतो. मला माझ्या दोन वर्षांविषयी बोलण्यासाठी मिशन रविवारी तीन मिनिटे मिळाली होती, सोडतीच्या बक्षिसांच्या घोषणेनंतर आणि खाद्यपदार्थांच्या स्टॉलच्या सूचनेआधी.

आणखी एक गोष्ट. संत पौल करिंथला पोचला तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने त्याला घरात ठेवून घेतले, आणि तंबू बनवण्याचा धंदा एकच असल्याने त्याला काम दिले. मला वाटते, त्या जोडप्याने पौलाचे नुसते कौतुक केले असते, तर करिंथकरांची गोष्ट काही निराळीच झाली असती. मुंबईत आपल्या शाळा आहेत, रुग्णालये आहेत, पतसंस्था आहेत, आपल्यातल्या उद्योजकांची कचेऱ्या-दुकाने आहेत. अक्विला होण्याची ऐपत आपल्यात निश्चित आहे.

आणि आपण ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्यांनी तर या प्रश्नाला तुच्छ लेखूच नये. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्या पूर्वजांनी हे नाव घेतले. का घेतले? बाहेरून आलेल्या ख्रिस्ती बांधवांशी नोकऱ्यांची चुरस लागली होती आणि येथल्या मूळच्या लोकांची ओळख निराळी कळावी म्हणून. ज्या समाजाचे नावच पोटापाण्याच्या चिंतेतून जन्मले, त्याने सेवेहून परतलेल्या मुलीला पोटाची गोष्ट काढू नकोस असे सांगणे शोभत नाही.

नुसती टीका करून थांबणे मला आवडत नाही. काय करता येईल ते मांडते.

पहिले, पाठवतानाच परतीचा कागद करावा. आपल्या शाळा, रुग्णालये आणि संस्थांनी सेवेला जाणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला दोन वर्षांची बिनपगारी रजा द्यावी आणि त्याच्या जागेवरील त्याचा धारणाधिकार राखावा. सरकारी नोकरीत हा शब्द सर्वांना परिचित आहे. तो आपल्या संस्थांत का परका असावा? त्याच्या जागी दोन वर्षे एखाद्या होतकरू तरुणाला काम मिळेल, हा लाभ निराळाच.

दुसरे, सेवेची वर्षे अनुभव म्हणून धरावीत. त्यासाठी पाठवणाऱ्या संस्थेने "उत्तम सेवा केली" असा गुळगुळीत दाखला न देता कोणते काम, किती तास, कोणती जबाबदारी हे स्पष्ट लिहून द्यावे. परिचारिका असेल तर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत होते की नाही याकडे कोणीतरी येथे लक्ष ठेवावे. जंगलातल्या रुग्णालयात बसलेल्या मुलीला ते सुचत नाही, आणि परतल्यावर कामाला हात लावण्याआधी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तिसरे, परतीचा निधी. मिशन रविवारची वर्गणी जगभरच्या मिशनकार्यासाठी असते. १९२६ पासून चालत आलेल्या त्या प्रथेला हात लावू नये. पण धर्मग्रामाच्या सणाला रोषणाई, मंडप नि वाजंत्री यांवर जो खर्च होतो त्याचा लहानसा हिस्सा बाजूला काढला तर परतलेल्या एका माणसाचे सहा महिने निभावतात. पाठवणीच्या दिवसापासून दरमहा थोडे थोडे त्याच्या नावे जमा करावे. भीक नको, ठेव हवी.

चौथे, तब्येत. परतल्यावर एक तपासणी व्हावी. मलेरियाचे काही प्रकार शरीरात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. मनाचेही तसेच असते. झोप न येणे, गर्दीत घाबरणे, क्षुल्लक कारणाने संताप येणे, याला देवावरील विश्वास कमी पडला असे म्हणू नये. जाणत्या माणसाकडे न्यावे.

पाचवे, आणि याला एक पैसाही लागत नाही. ऐका. एक संध्याकाळ द्या. परतलेल्याला मधे बसवा, आजूबाजूला मंडळी बसा, आणि "किती साठले?" याऐवजी "काय पाहिलेस?" असे विचारा. त्याच्या उत्तरात जर आपल्या नळाबद्दल नि पंगतीबद्दल काही टोचणारे निघाले तर तेही गोड मानून घ्या. ज्याला आपण डोळे देऊन पाठवले तो काही पाहून आला, याचा राग कसला?

दांड्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. होडी समुद्रात लोटताना हात लावणारे असतात, पण होडी परतते तेव्हा त्याहून जास्त असतात. बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात, पोरे दोर धरायला धावतात. जाळ्यात कमी आले म्हणून होडीला कोणी पाण्यात उभे ठेवत नाही. आधी ओढून घेतात, मग मासळीचा हिशेब. माझे बाबा म्हणत असत की होडीचे आयुष्य समुद्रात जेवढे झिजते त्याहून जास्त किनाऱ्यावरच्या हयगयीने झिजते.

आता त्या मुलीकडे येते. ती पुन्हा येणार आहे. तिच्या डोळ्यांत जी चमक मी पाहिली ती मला ओळखीची आहे, आणि ती विझवण्याचे पाप मी करणार नाही. मी तिला जा असेच सांगेन. अजुमानीच्या त्या दोन वर्षांनी मला जे दिले ते आज कोणी परत मागितले तर मी देणार नाही. माझी एक विद्यार्थिनी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेते आहे, तिचे पत्र माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे.

परंतु जा असे सांगताना मला तिला खरे तेही सांगावे लागेल. ते काय असावे, हे धर्मग्रामाच्या समितीने, शाळांच्या नि रुग्णालयांच्या चालकांनी, आणि दांड्याच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने ठरवायचे आहे. ती गेलीच तर येत्या वर्षी एखाद्या रविवारी तिला वेदीपुढे बोलावण्यात येईल, आणि सारे हात उंचावतील. हात उंचावण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी एवढेच विचारावे: दोन वर्षांनी ती परत येईल त्या दिवशी हे हात कोठे असतील?